सात रस्ता ऑफिसची लिनक्स मोहीम

१ सप्टेंबर
आजपासून मोहीम. डाळिंब संघाचं आमचं ऑफिस महिन्यात जुनी सिस्टिम सोडून पूर्ण लिनक्सवर. चेअरमन महेश्वरअण्णांनी शब्द दिलाय. खंडेनवमीला पूजेला येतील, सगळे नव्यावर दिसले तर मॅनेजरची खुर्ची माझी. एकोणीस वर्षं हेडक्लार्क. बास झालं.

३ सप्टेंबर
सातपैकी सहा कॉम्प्युटर बदलले. सातवा जुन्या सिस्टिमचाच, रेकॉर्ड रूममध्ये टाकला, वर चादर. टायपिस्ट शिवलीलाताई म्हणाल्या, कीबोर्ड बदललाय, पंचवीस वर्षांची सवय कुटं टाकू? म्हटलं, ताई, बोटं तीच, विचार बदला. वाक्य झकास जमलं. सभेत वापरणे.

८ सप्टेंबर
ट्रेनिंग. दोन तास बोललो. एकही शंका नाही. सगळं डोक्यात गेलेलं दिसतंय.

१५ सप्टेंबर
सांगोल्याच्या सभासदांना चाळीस पत्रं वेळेत गेली. म्हणे जमत नाही! खुर्च्या मात्र सारख्या रिकाम्या. चहा फार वाढलाय. खुर्ची मिळाली की बघतो एकेकाला.

१९ सप्टेंबर
शिपाई मल्लप्पा रेकॉर्ड रूमच्या दारात स्टूल टाकून, हातात वही. म्हणाला, आत जागा न्हाय साहेब, एकेकालाच सोडतो. शिस्त लागतेय. जुन्या फायलींची गोडीसुद्धा.

२३ सप्टेंबर, दुपारी
स्वतः एक पत्र करायला बसलो. जोडाक्षरच सापडेना. डोळ्यांचा नंबर वाढला असणार. ताईंना दिलं, दहा मिनिटांत छापून आणलं. काय वेग नव्या सिस्टिमचा! लगेच अण्णांना फोन.

३० सप्टेंबर
मॅनेजर म्हणून सही करून बघितली. छान येते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
अण्णा आले. माझे सहाही कॉम्प्युटर कोरडे. हळद नाही, कुंकू नाही, झेंडूचं एक फूल नाही. उदबत्तीचा वास रेकॉर्ड रूममधून. आत सातवा चालू, गळ्यात हार, माउसलासुद्धा कुंकू. सगळा स्टाफ हात जोडून. अण्णांनी विचारलं, पूजा हितं का? ताई म्हणाल्या, ज्याच्यावर रोज काम करतो त्याचीच पूजा करायची असती की, अण्णा. देवासमोर खोटं कसं करायचं?
अण्णांनी तिथंच नारळ फोडला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फार लागलं मनाला.

३ ऑक्टोबर
अण्णांनी लेखी खुलासा मागवलाय. टाइप करून, आजच. नव्यावर तासभर बसलो, ‘माननीय’पर्यंत आलो. सिस्टिम उत्तमच आहे, मी घाईत आहे इतकंच. मल्लप्पाकडं गेलो. वहीत नाव लिहून घेतलं. पाचवा नंबर.
चप्पल बाहेर काढायला सांगितली.