बिनमिठाचा गोळाभात

१२ जाने., सोम.
ह्यांच्या किडन्या अर्ध्यावर आल्या. मीठ बंद, डाळ बंद, तेल नावापुरतं. सकाळपासून एकच टुमणं. "गोळाभात कर ना वं. वरून लसणाची फोडणी." मी वसकले, "काहून जिवावर उठता?" दुधी उकडून वाढला. नावं ठेवत खाल्ला.

१४ जाने., संक्रांत
सक्करदऱ्याला बहिणीकडे, कमळीकडे जेवायला. नेमका गोळाभात! डाळीच्या भरड्याचे वाफवलेले गोळे, मोकळा भात. नाही म्हणायला जीभ वळेना. दोन गोळे भातात कुस्करले, वर चर्र तेल. तिसरा मागून घेतला. मागून!
घरी आले तर हे, "काय खाऊन आली वं?" "तिळगूळ." हात दोनदा धुतले होते तरी पदराआड लपवले. चोराच्या मनात चांदणं.

१६ जाने.
राहवलं नाही. मुगाची मूठभर डाळ वाटून बिनमिठाचे गोळे केले. तेलाऐवजी लिंबू. जेवताना म्हणतात, "मस्त झाला वं."
त्रेचाळीस वर्षांत मीठ कमी नाहीतर तिखट जास्त, याच्यापुढे हा माणूस गेला नाही. मागून मी चाखला. लाकडाचा भुसा बरा. नावं ठेवली असती तर...

१९ जाने.
तीन दिवस ह्यांनी काही मागितलं नाही. "काय करू?" म्हटलं तर "काही बी." अर्धं ताट तसंच. टुमण्याचा किती राग यायचा मला. देवा, माझी जीभच कडू.

२० जाने.
सांगून टाकलं. हे उन्हात खाटेवर बसले होते.
"कमळीकडं मी गोळाभात खाल्ला. खोटं बोलले."
"मले माहीत हाय. तुया तोंडावरच दिसून राहिलं होतं." हसले. मग म्हणाले, "कसा होता?"
"जाऊ द्या ना."
"अवं, सांग तर. खायाले कुठं मागून राहिलो?"
सांगितलं. गोळा बाहेरून कोरडा, आत ओलसर. डोळे मिटून ऐकत होते.
"फोडणी?"
"लसूण लाल. मिरची भिवापूरची."
"किती गोळे खाल्ले?"
"तीन."
"तीन! म्हंजे एक माह्या वाटचा." इतकं हसले की ठसका लागला. पाणी दिलं.
उद्या डॉ.कडे जायचं. विचारणार आहे, एकच गोळा, खरा, मिठाचा. नाही म्हणाले तर काय करीन, माझं मलाच ठाऊक नाही. भरडा चाळून ठेवला आहे.