हे लिहू नका

दि. ९ जानेवारी

चि. भिंगरी हिस,
आजीचे, बसल्या जागेवरून जेवढे पोचतील तेवढे आशीर्वाद. वि. वि.

माझं पत्र बघून दचकू नकोस. मला अक्षर काही फुटलेलं नाही. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला ओरडायचा कंटाळा, म्हणून वरच्या मजल्यावरच्या स्टेनोभाऊंना धरून आणलंय. उभा जन्म कोर्टात गेला त्यांचा. साक्षीदार बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. साक्षीदार खोकला तर तेही लिहायचे म्हणे. (आजी खोकल्या.)

तुझ्या नडगीच्या हाडाला चीर पडली असं तुझी आई म्हणाली. न पडता नुसतं पळून हाड चिरतं हे नवीनच ऐकलं. आमची रीत जुनी. मी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायला गेले, डब्यासकट खाली आले आणि खुबा मोडून घेतला. आता आत खिळा ठोकलाय.

आणि एवढं होऊनही तू मे महिन्यातल्या त्या शर्यतीला जाणार आहेस म्हणे. आधी तलावात पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकल हाणायची, ती संपली की पळायचं, सगळं एकाच दिवसात. कोणी मागे लागलंय का तुझ्या? लागलं असेल तर सांग, स्टेनोभाऊंच्या ओळखीचे वकील आहेत.

तुझ्या फिजिओबाई हो म्हणेपर्यंत तुला पळायला बंदी आहे. माझे व्यायाममास्तर हो म्हणेपर्यंत मला जिन्याची बंदी. तर आपण दोघी करार करू. तू पळायचं नाहीस, मी जिना उतरायचा नाही, दिलेले व्यायाम दोघींनी इमानदारीत करायचे आणि एकमेकींना खरं खरं कळवायचं. मी तर रोज करतेच.

स्टेनोभाऊ, हे लिहू नका. कसला व्यायाम नि कसलं काय. मास्तरांची पाठ वळली की मी पाय उशीवर टाकून टीव्ही लावते. पोरीनं ऐकावं म्हणून आपलं म्हणायचं. आणि तिनं हौसेनं बनवलेली कवळीसुद्धा डबीतच असते. बोलताना माझ्याआधी तीच बाहेर येते. तेही नका लिहू. हं, आता पुढे घ्या.

बाकी सगळं ठीक. लोभ आहे तेवढा पुरे, वजन वाढव.

तुझी आजी
(अंगठा. समक्ष घेतला. स्टेनो)


दि. २२ जानेवारी

ती. आजीस,
कवळी बनवणाऱ्या नातीचा, एक पाय लांब ठेवून शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की कार्यशाळेत शेजारच्या बाकावरची मैत्रीण साचा ओतायचा थांबली. करार मंजूर. मी दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे ओतते, दात बसवते, घासते, आणि सुटले की तरणतलावावर जाते. पायांना आराम म्हणून दोन मांड्यांत फोमचा तुकडा धरून नुसत्या हातांनी पोहते. बाजूच्या पट्ट्यात एक आजोबा असतात. ते मला मागे टाकतात ते टाकतात, वर वळताना टाटा करतात. घरी सायकल स्टँडवर चढवली आहे. तोंड फ्रिजकडे. कितीही पायडल मारलं तरी फ्रिज जवळ येत नाही, हाच काय तो त्रास.

पळण्याचं तर नावही काढत नाही.

तुझे व्यायाम छान चालू आहेत हे वाचून बरं वाटलं. टीव्ही बघतानासुद्धा पाय उचलता येतात बरं का, आपलं सहज सांगितलं. आणि कवळी सैल वाटली तर डबीत न ठेवता आईबरोबर पाठवून दे, घट्ट करून देते. हेही सहजच.

स्टेनोकाका, एवढा परिच्छेद आजीला वाचून दाखवू नका. तुम्ही तिचं ‘लिहू नका’ सुद्धा लिहिताय. कृपा करून तसंच चालू ठेवा. मला तिची खरी बातमी दुसरीकडून मिळणार नाही.

आजी, काळजी घे. तू माझ्यावर करतेस त्याच्या निम्मी माया त्या खुब्यावर कर, म्हणजे झालं.

तुझी भिंगरी


दि. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
आजीचे बसून बसून जड झालेले आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. स्टेनोभाऊंनी वाचून दाखवलं, स्वल्पविरामासकट. त्यांना काही गाळायची सवयच नाही. त्या तलावातल्या आजोबांना माझा नमस्कार सांग, आणि घरी कोणी आहे का तेही विचार. (आजी हसल्या. बराच वेळ.)

तुझं सगळं शिस्तीत चाललंय हे ऐकून जीव भांड्यात पडला. माझंही तसंच.

स्टेनोभाऊ, आता हे मात्र लिहू नका. अगदी नका लिहू. ती पोरगी पळतेय. लहानपणी साखरेच्या बरणीत हात घालून आली की असंच म्हणायची, मी साखरेचं नावही काढलं नाही. तेव्हा ओठांना साखर असायची, आता दिसत नाही एवढंच. करार तिनंच मोडला तर मी कशाला पाळू? परवा सूनबाई ऑफिसला गेल्यावर मी काठी न घेता जिना उतरायला लागले. तिसऱ्या पायरीवर पाय लटपटला. कठडा हाताशी होता म्हणून आज तुम्हाला सांगायला बसलेय. पण मी परत जाणार. ती जेवढी पळेल तेवढी मी उतरेन. तिला हाडाची पर्वा नाही तर मला तरी कशाला हवी? बघू कोणाचं आधी मोडतंय. झालं, पुढे लिहा.

इकडे थंडी कमी झाली. वजन वाढव.

तुझी आजी
(अंगठा)


दि. ११ फेब्रुवारी

ती. आजी,
नमस्कार मागाहून. आधी जिन्यापासून लांब हो.

मला सगळं कळलंय. स्टेनोकाका तुझं ‘लिहू नका’ही लिहितात, त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांचा हातच तसा वळलाय. रागवायचं तर माझ्यावर. मी पळत होते. सकाळी गल्ली जागी व्हायच्या आत बूट हातात घेऊन घराबाहेर पडायचे आणि आल्यावर नडगीवर बर्फ धरून बसायचे. मला वाटायचं, एवढंसं पळाल्यानं काय होतंय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी फिजिओबाईंकडे जाऊन कबूल केलं. त्यांनी नडगीवर बोट दाबलं आणि मी टेबलावरून उडालेच. चीर बुजायला लागली होती, मीच ती पुन्हा उकलत आणली. असंच चालू ठेवलंस तर पाय प्लास्टरमध्ये जाईल आणि शर्यत टीव्हीवर बघायची, असं म्हणाल्या. वर विचारलं, हाड म्हणजे काय कवळी वाटली का, मोडली तर दुसरी करायला? लाज वाटली गं. नव्या मुलींना मीच शिकवते की साचा सुकायच्या आत उघडला तर सगळे दात वाकडे येतात. आणि स्वतःच्या हाडाचा साचा मी रोज उघडून बघत होते.

पळायचे बूट आता फिजिओबाईंच्या कपाटात आहेत, किल्ली त्यांच्याकडे. आता तू तुझा जिना सोड. सोडलास असं नुसतं कळवू नकोस, ‘लिहू नका’मध्ये कळव, म्हणजे मला खरं वाटेल.

तुझी, घाबरलेली
भिंगरी


दि. १९ मे

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. नडगी शाबूत आहे, हे पहिल्याच ओळीत.

शर्यत झाली. पाण्यात तर मजाच आली. इतके महिने हातांनीच पोहल्यामुळे हात असे चालले की तलावातले आजोबा असते तर त्यांनाच टाटा केला असता. सायकलवर समोर फ्रिज नव्हता, खरा रस्ता होता, तोही बरा गेला. मग बूट. फिजिओबाईंनी ते एका अटीवर परत दिले होते. थोडं पळ, थोडं चाल, आणि नडगी बोलली की फक्त चाल.

ती बोलली. शेवटचं वळण घेतलं आणि बोलली. समोर शर्यत संपते तिथली फुगवलेली कमान दिसत होती. शर्यतीला दिलेली वेळ संपत आली होती. शिट्टीवाला माणूस ओरडत होता की ताई, एवढंसं पळा, आत याल. आजी, मी पळू शकले असते. त्या घडीला पाय मोडला असता तरी चाललं असतं, इतकी ती कमान जवळ होती. पण त्याचं ‘एवढंसं’ ऐकलं आणि तुझी ती तिसरी पायरी डोळ्यांपुढे आली. मी चालले.

पोचले तेव्हा कमानीतली हवा सोडली होती आणि एक माणूस शेवटच्या रेषेवरची लाल पट्टी गुंडाळत होता. मला बघून ओशाळला, पुन्हा अंथरू का म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, आणि दुसरं टोक धरलं. सगळ्यांनी रेषा ओलांडली, मी तिची घडी घातली. पदक नाही, यादीत नाव नाही. त्या रात्री थोडी रडले. आता नाही रडत.

करारात हरलं कोण, ते तूच ठरव.

तुझी भिंगरी


दि. २७ मे

चि. भिंगरी हिस,
आजीचे उभ्यानं दिलेले आशीर्वाद. होय, उभ्यानं. स्टेनोभाऊ बसलेत, मी उभी आहे. (खरे आहे. स्टेनो)

आता ऐक. फेब्रुवारीत मी कुठलाही जिना उतरले नव्हते. तिसरी पायरी कुठली नि कठडा कुठला. मी टीव्ही बघत होते. तुझं ‘वाचून दाखवू नका’ स्टेनोभाऊंनी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं होतं. जो माणूस लिहिताना गाळत नाही तो वाचताना गाळेल असं तुला वाटलंच कसं? मग म्हटलं, पोरगी जे चोरून ऐकते तेवढंच खरं मानते, तर चोरूनच सांगू.

पण खोटा जिना इतका रंगवून सांगितला की माझी मीच घाबरले. तुझं ‘आधी जिन्यापासून लांब हो’ ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मास्तरांना छळायला लागले, आणखी व्यायाम द्या म्हणून. तू शर्यतीत होतीस त्या दिवशी त्यांनी हो म्हटलं. काठी, मास्तर, मागे तुझी आई आणि तोंडात कवळी, असा लवाजमा घेऊन खरा जिना उतरले. खाली कोणी लाल पट्टी अंथरली नव्हती. पोस्टमन तेवढा बाजूला झाला.

तर तूही खोटं बोललीस, मीही बोलले. दोघी हरलो. दंड असा, की सुट्टीत यायचं आणि मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायचं. चालत. मला मागे टाकून टाटा केलास तर बघ.

स्टेनोभाऊ, हे लिहू नका.

(इथे आजींनी माझ्या हातातले पेन काढून घेतले आणि मग बोलल्या. बराच वेळ बोलल्या, मध्ये दोनदा थांबल्या. जबानी न उतरवण्याची ही माझी पहिलीच वेळ. पेन परत मिळाल्यावर विचारले, यातले काय लिहू? म्हणाल्या, वजन वाढव, एवढेच लिहा. स्टेनो)

वजन वाढव.

तुझी आजी
(अंगठा)