कासारवाडीतलं तेहरान

प्रिय कामरान,

हे पत्र माझी लेक स्वरूपा तुला वाचून दाखवते आहे. पुण्यात शिकायला आलास, कासारवाडीत माझ्या माडीवर भाड्याने राहिलास, मराठीत भांडायलाही शिकलास. वाचायला मात्र शिकला नाहीस. आळशी कुठला!

शिकून इराणला परतलास, सिनेमा काढलास; तिथल्या त्या सेन्सॉरवाल्यांवर मी अजून चिडलेलीच आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर गोष्टीच्या पुस्तकातल्या चुंबनांवर काळी शाई फासायच्या. आम्ही ते पान उजेडाला धरून वाचायचो. पण तुझ्या सिनेमात आईने मुलाला जवळ घेतलेलं कापायचं? का, तर पडद्यावरचे ते दोघं खरे मायलेक नव्हेत, परपुरुष आणि परस्त्री! अक्कल गहाण ठेवलेली माणसं. तू कापलं नाहीस, म्हणून सिनेमा डब्यात गेला, पासपोर्ट गेला, पुढे काम करायचीही बंदी आली. शेवटी डोंगर ओलांडून पळालास. आईची चौकशी होईल म्हणून तिचा निरोपही घेतला नाहीस.

गेल्या वर्षी निर्वासिताच्या कागदांवर इथे आलास आणि माझ्या घरात तेहरान उभं करून तोच प्रसंग नव्या सिनेमासाठी पुन्हा घेतलास. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवायला लागलास, तेव्हा मी म्हटलं, सेन्सॉर तूही काही कमी नाहीस. ओशाळलास आणि कॅमेरा दुसऱ्या भिंतीकडे वळवलास. मुलगा तूच झालास आणि आईचं काम माझ्या गळ्यात मारलंस. मावशी, बोलायचं काही नाही, नुसतं मला धरायचं, म्हणालास. मी आपली ढेकर काढायला बाळाला थापटावं तशी तुझी पाठ थापटली. तू हसायला लागलास, मग रडायला. कॅमेरा बंद झाला तरी सोडेनास. शेजारच्या शालनबाई खिडकीतून ओरडल्या, ‘अवो बाई, पोरगं उपाशी हाय का काय? जेवाया घाला की त्याला!’

परवा तुझ्या बहिणीने मोडक्या इंग्रजीत मला फोन केला, कुणाच्या तरी दुकानातून. घरचा फोन ऐकला जातो म्हणे. आईने सिनेमा पाहिला, कामरान. पांघरुणाखाली मोबाइल धरून, चोरून. मला बघून त्या म्हणाल्या, ही बाई कोण? माझ्या मुलाला धरायचं कसं, हेही हिला कळत नाही. आणि पुन्हा पुन्हा तेवढंच पाहत राहिल्या.

त्या गेल्या, बाळा. दफनही झालं. तुझी बहीण मला म्हणाली, तुम्हीच फोन करून त्याला सांगा. एकट्याने, परक्या खोलीत, कानाला फोन लावून तू हे ऐकावंस, ते मला सोसवेना. स्वरूपा तिकडे तुझ्याच शहरात राहते, म्हणून हे लिहून तिला पाठवलं आणि तुझ्या घरी जायला सांगितलं.

स्वरूपा, आता पुढे वाचू नकोस. त्याच्याजवळ बस.

तुझीच,
अंजलीमावशी