बशीतला चहा

४ डिसेंबर १९९४
साखर काठावर! जळगावचे डॉक्टर म्हणाले, "आबा, मधुमेह अजून नाही, पण उंबऱ्याशी येऊन उभा आहे." हिरड्या सुजतात तेही सांगितलं. अशी बारीक सूज आतही असते म्हणे, दिसत नाही. रोज भरभर चाला — साखर उतरेल, सूजही उतरेल.
थोरल्या रुपचंदभाऊंचा पाय डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांनाही साखरच होती; साधा काटा रुतला होता. गुडघ्याखाली कापावा लागला.

५ डिसेंबर
जिनिंगच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग. म्हणून गावातूनच फिरलो. दारोदार चहा! भिकुबाई तर आडवीच आली — "आबा, आमना घरना चहा कडू शे का?" साखर उतरवायला निघालो आणि भरून घेऊन आलो.

७ डिसेंबर
बिनसाखरेचा मागून पाहिला. भिकुबाईचा चेहरा पडला. "आमना घर साखर नही का, आबा?" मुकाट प्यालो.
घरी द्रौपदाला सांगितलं. पोट धरून हसली. उद्यापासून सोबत येते म्हणाली. "तुम्ही नुसता व्हट लावा, बाकी मी पी लिसू."

८ डिसेंबर
जमलं! मी कपाला ओठ लावतो, बोलण्यात गुंतवतो, ती गुपचूप बशीत ओतून घेते. बायको असावी तर अशी.

२० डिसेंबर
परतताना द्रौपदाला ठेच लागली. हळद भरली.

६ जानेवारी १९९५
झोप नाही. सारखा स्वतःचे तळपाय चाचपतो. जरा मुंग्या आल्या की छातीत धडधड. द्रौपदा हसते. तिच्या ठेचेची जखम अजून भरली नाही — म्हातारी कातडी म्हणते. हल्ली तांब्यावर तांब्या पाणी पिते. चहानं तोंड चिकट होतं म्हणे.

२२ जानेवारी
उतरली! साखर उतरली, हिरड्यांची सूजही उतरली! डॉक्टरांनी पाठ थोपटली. मग सहज द्रौपदाच्या पायाकडे पाहिलं. तिचंही रक्त घेतलं.

२५ जानेवारी
द्रौपदाची काठावर नाही. कधीच आत शिरली आहे. "चहानं नव्हे आबा, जुनी असावी," डॉक्टर म्हणाले. माझ्या मनाला पटत नाही. घरी येऊन तिनं चप्पल काढली — पट्टी चिंब ओली.
"दुखत नही ना," म्हणते.
रुपचंदभाऊही असंच म्हणायचे.