सासूबाईंची तबकडी

शुक्रवार, ४ जानेवारी १९४६

आजही उर्दू गाणी पाच, कानडी दोन आणि मराठी एक! तेही मागच्या शुक्रवारचंच. हैदराबादचे रेडिओवाले फर्माइशीची कार्डं मागवतात आणि वाजवतात मात्र त्यांच्या कपाटात असेल तेच. मी पाच कार्डं टाकली होती, पाच नावांनी. एक लागेल तर शपथ.

मामंजी शेवटच्या गाण्यापर्यंत कान लावून बसतात. संपलं की फटकन बटण पिळतात आणि पंगतीत वाढायचं राहून गेल्यासारखं तोंड करून उठतात. या घरात गाणं-बजावणं चालत नाही म्हणे. मग चार वर्षांपूर्वी हे खोकं आणलं कशाला? "बाजारभाव ऐकाया," म्हणतात. शुक्रवारी भाव सांगतच नाहीत!

सासूबाई कधी ऐकायला बसत नाहीत. पण तेवढा वेळ स्वैपाकघरात भांडंही वाजत नाही.

बुधवार, ९ जानेवारी

रेडिओचं उत्तर आलं, उर्दूत. मुरूमच्या पोस्टाचे मास्तर खाजामियाँ यांनी वाचून दाखवलं — पाचही कार्डांचं अक्षर एकच आहे, बाईसाहेबांनी इतकी तसदी घेऊ नये. खाजामियाँना हसून हसून ठसका लागला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

खाली लिहिलं होतं: मराठी तबकड्या थोड्या आहेत. कुणाकडे जुनी असल्यास पाठवावी. ऐकून पसंत पडली तर लावू आणि परत करू.

आमच्याकडे कुठली तबकडी! ग्रामोफोनसुद्धा नाही.

शनिवार, १२ जानेवारी

होती!

संक्रांतीची चंद्रकळा काढायला सासूबाईंची ट्रंक उपसली. तळाशी खणात गुंडाळलेली तबकडी. मी उलगडते तोच सासूबाईंनी हातातून काढून घेतली. मग स्वतःच खाली बसल्या आणि सांगू लागल्या.

चौदा वर्षांच्या असताना त्या मामाकडे सोलापुरात होत्या. तबकड्या काढणाऱ्या कंपनीची माणसं आली होती. त्यांनी भोंग्यापुढं उभं करून यांच्याकडून पाळणा म्हणवून घेतला. तबकडी हातात पडेपर्यंत लग्न होऊन त्या मुरूमला आलेल्या.

"सासऱ्यानं पहिल्याच दिशी सांगितलं, आमच्यात बाया गात न्हाईत. मग ठिवली तळाला."

"मामंजींना ठाऊक आहे?"

"त्यांना कशाला सांगू? बापाचंच ल्योक."

एकतीस वर्षं! आणि या बाईनं स्वतःचा आवाज एकदाही ऐकलेला नाही. मला रडूच आलं. त्याच मला म्हणाल्या, "रडायला काय झालं? तीळ भाज."

गुरुवार, १७ जानेवारी

चार दिवस पिच्छा पुरवला. "वाटंत फुटली तर?" म्हणतात. बरोबर आहे, दुसरी कुठं मिळणार? शिवाय तेव्हाची रीत अशी, की गाणं संपलं की गाणारीनं आपलं नाव सांगायचं. म्हणजे मामंजी खोक्यासमोर बसलेले आणि आतून सासूबाईंचं माहेरचं नाव-गाव — नागम्मा, मुक्काम अक्कलकोट!

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "कळलं तर कळू दे. मरायच्या आदी येकदा ऐकू दे मला."

शनिवार, १९ जानेवारी

पोस्टात गेले. दोन पाट्यांच्या मध्ये कापूस भरून खाजामियाँनी तबकडी बांधली. त्याआधी तिच्यावरचं नाव वाचून थबकले.

"या अल्ला. इथंच व्हती व्हय!"

"म्हणजे?"

"काय न्हाय बेटी. पोष्टवाल्याचं तोंड म्हंजे पोष्टाची पेटी. आत पडलं ते आतच."

मामंजी महिन्यातून एकदा स्वतः पोस्टात येतात, दुसऱ्या कुणाला पाठवत नाहीत. त्यांच्या कानावर घालू नका, एवढं हात जोडून सांगितलं.

मंगळवार, २९ जानेवारी

पोच नाही. फुटली असणार. सासूबाई काही विचारत नाहीत, त्याचाच त्रास होतो.

बुधवार, ६ फेब्रुवारी

पोचली! शाबूत! तिथल्या साहेबांनी दोनदा ऐकून पसंत केली. येत्या शुक्रवारी लावणार. सासूबाईंनी ऐकलं आणि आमटीत दोनदा मीठ टाकलं. जेवताना आमच्या ह्यांनी खारट म्हणून तोंड वाकडं केलं. मामंजींनी मात्र गुमान ओरपली.

पाठवणारीचं नाव वाचलं तर माझी धडगत नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

काल पाळणा लागला, पण माझं नाव आलंच नाही. रेडिओवाला म्हणाला, "या पाळण्यासाठी मुरूमचे माणिकप्पा चार वर्षं दर महिन्याला कार्ड पाठवत आहेत. लिहितात, लग्नाआधी सोलापुरात एका दुकानात ऐकला होता, पुन्हा ऐकायचा आहे. तबकडी आमच्याकडे नव्हती, ती आता मिळाली."

माणिकप्पा म्हणजे आमचे मामंजीच! त्यांनी मान खाली घातली. सासूबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. आतली पोर गायली, नाव सांगून थांबली. मामंजींनी बटण पिळलं नाही.

"घरातच व्हती व्हय?"

"तुमी कदी इचारलं?"