माळावर खड्डे

१९ मे
सकाळी येडशीहून परतले. माळाच्या फाटकाशी ताजी माती. आत खड्डे, दोरी धरून ओळीत घेतलेले. धाकट्या दिरांचं काम. ह्यांच्या वर्षश्राद्धाला वड नि गुलमोहर लावायचे म्हणे, भर मेमध्ये. पाहुण्यांना निमंत्रणंही गेली. मला विचारलं नाही.
हा माळ ह्यांनी नि मी गवतासाठी राखला. गुरं बंद, नांगर बंद, वणवा बंद. चंडोल जमिनीवर घरटं करतो. झाडं आली की फांद्यांवर कावळे, शिक्रे. खाली पिल्लू उरणार नाही. शाळेच्या पोरांना हेच शिकवते. घरच्यांना शिकवायचं राहिलं.

२० मे
भावजी आले. चहा नको म्हणाले, म्हणजे रागात.
"वहिनी, आण्णांच्या नावानं सावली तर होऊ द्या. उजाड माळ राखून काय मिळालं?"
"उजाड नाही. गवत आहे."
"गवत काय, कुठंबी उगवतंय."
कुठं? पार तेर गावापर्यंत ऊस नि सोयाबीन. म्हटलं, एक वड विहिरीजवळ बांधावर लावा, पाणी मी घालीन. नको. माळच पाहिजे.
जाताना: "तुमी तर रामलिंगच्या जंगलातल्या वाघाहून अवघड हाव."
हसू आलं. दाखवलं नाही.

२२ मे
शेवंता, माळाची राखण करते ती, घमेली घेऊन आली. दोघींनी खड्डे बुजवले. कंबर गेली. शेवटच्या खड्ड्याच्या मातीवर टिटवीची अंडी. हात लावला नाही.
"बाई, बारक्या मालकांचा एक ऱ्हायला की वं."
राहू दे.

२५ मे
वर्षश्राद्ध नीट झालं. स्वयंपाक मी केला. भावजी जेवले नि रोपांचा टेम्पो घेऊन माळावर गेले. फाटकाला कुलूप, किल्ली माझ्या कनवटीला. मीही मागोमाग गेले.
सोबत आलेले पाहुणे थोडा वेळ थांबले, मग सावली शोधत परतले. भावजी फाटकाशी दगडावर बसून.
"तुमचा नवरा व्हता. माझा भाऊ न्हवता व्हय?"

उन्हानं रोपांनी माना टाकलेल्या. त्यांचा काय दोष? विहिरीवरून कळशी आणली, टेम्पोत चढून घालत गेले. भावजी बघत राहिले. मग उठले, दुसरी कळशी भरून आणली.
रोपं भिजली. कुलूप मी उघडलं नाही. टेम्पो त्यांनी वळवला नाही.