उलटे आटे

२ नोव्हेंबर, सोमवार

सूनबाई आजपासून माझी साहेब!

जुने साहेब नोकरी सोडून गेले, मालकांनी जाहिरात दिली, बाईंनी अर्ज केला, मुलाखत झाली, निवड झाली. मला कधी कळलं? मालकांनी तिला आमच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आणून "या तुमच्या नव्या प्रमुख" म्हणून ओळख करून दिली तेव्हा! रोज एका टेबलावर जेवतो आम्ही!

घरी येऊन जाब विचारला. आमची ही म्हणते, "मला माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर महिनाभर आधीपासून तोंड फुगवून बसला असता." चिरंजीवांनाही माहीत होतं. म्हणजे मी सोडून सगळ्या घराला.

३ नोव्हेंबर, मंगळवार

तह झाला. घरी ती मला बाबा म्हणणार, ऑफिसात सर. मी घरी सूनबाई म्हणायचं, ऑफिसात मॅडम. चहाच्या वेळी माझ्या तोंडातून निघालं — "मॅडमबाई!" दारात टर्नर उभा. तीस वर्षं माझी ड्रॉइंग बघून लेथवर माल कापणारा माणूस, त्यात मिशा एवढ्या मोठ्या की हसला तरी कळत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कारखान्यात मॅडमबाई.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

अपमान! लाल पेनाने!

एका बोल्टचं ड्रॉइंग दिलं होतं. बोल्टावरचे आटे मी नेहमीसारखे एकेक काढले. प्रत्येक आट्याचा चढ, प्रत्येक आट्याचा उतार, तिरक्या रेघा शाईत. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, कौतुक. म्हणाली, "बाबा — सॉरी, सर — असे आटे आता कोणी काढत नाही. बाहेरची रेघ जाड, आतली बारीक. झाले आटे."

दोन रेघा! जिन्याच्या पायऱ्या काढायच्या ऐवजी कोणी नुसता उतार काढून दिला तर?

"हा एक बोल्ट काढायला पावणेदोन तास लागले तुम्हाला," ती म्हणाली.

"बोल्ट आयुष्यभर टिकतो," मी म्हणालो.

"बोल्ट टिकतो. ड्रॉइंग सोमवारी बदलतं."

कागद उचलला आणि जागेवर येऊन बसलो.

८ नोव्हेंबर, रविवार

घरात शीतयुद्ध. जेवताना सगळा व्यवहार चिरंजीवांमार्फत. "बाबांना विचार, भाजी वाढू का." "तिला सांग, वाढ." तिसऱ्या फेरीला चिरंजीव ताट घेऊन बाहेरच्या खोलीत पळाले. मग ही म्हणाली, "एवढ्याशा स्क्रूपायी दोन शिकलीसवरली माणसं! वाढते मी, गप्प जेवा." जेवलो.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आज एक बोल्ट तिच्या पद्धतीने काढून बघितला. अकरा मिनिटं लागली. वाचायला सोपा आहे. हे फक्त या वहीला सांगतोय.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडम दोन दिवस बाहेर, नव्या मोटरच्या कामासाठी. टेबलावर लोखंड घासायच्या नव्या ग्राइंडरची ड्रॉइंग, तिने संगणकावर काढून छापलेली, सह्या होऊन तयार. आज चार वाजता खाली टर्नरकडे जायची.

सहज चाळली. (सहज नव्हे. चुका शोधायलाच चाळली.) आणि सापडली! चाक बसतं त्या दांड्यावर आणि त्याच्या नटवर उलट्या आट्यांची खूण नाही!

आमच्या ग्राइंडरला उलटे आटे लागतात. साधा नट उजवीकडे फिरवला की घट्ट होतो. पण आमचं चाक ज्या बाजूला फिरतं, तिकडे साधा नट आपोआप सुटत जातो. म्हणून आटे डावे — नट डावीकडे फिरवला की घट्ट. माझ्या पद्धतीच्या ड्रॉइंगमध्ये तिरक्या रेघांचा कल बघितला की लहान पोरालाही समजेल. तिच्या त्या दोन सरळ रेघा! त्या डाव्याही नाहीत आणि उजव्याही नाहीत. तिथे LH — लेफ्ट हँड — ही दोन अक्षरं लिहावीच लागतात. ती लिहिलेली नव्हती.

आधी काय झालं? खरं लिहितो — आनंद झाला! खुर्चीतच हसलो.

मग हसू गेलं. पूर्ण वेगात नट सुटला तर चाक एखाद्याच्या अंगावर जाईल. आणि पहिल्याच कामात एवढी चूक, म्हणजे पोरीची नोकरी गेली. फोन करावा? म्हणेल, बाबांनी डाव साधला. मालकांना सांगावं? सगळे म्हणतील, सासरा टपूनच बसला होता. आठवडाभर धड बोललेलो नाही आम्ही.

पेन घेतलं. दांडा आणि नट एकाच कागदावर; दोन्हीकडे LH लिहिलं. सही झालेल्या ड्रॉइंगला कोणी हात लावायचा नाही, हा नियम नव्या लोकांना मीच शिकवत आलो. चार वाजता कागद खाली गेले.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

मन कसं हलकं! रात्री जेवताना मी आपणहून सूनबाईच्या ताटात भाजी वाढली. ती दचकली. "बाबा, बरं वाटतंय ना?"

कोणाला काही कळणार नाही. थोर माणसं असंच करतात.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

खाली जाऊन आलो. साठ दांडे, साठ नट. टर्नर कापतोय, काय सुरेख! नट बोटाने फिरवला तर लोण्यासारखा डावीकडे सरकत गेला.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिल्या ग्राइंडरची चाचणी. मालक, मॅडम, टर्नर, मी आणि चाचणी घेणारा गडी. बटण दाबलं. अर्धा मिनिट छान घुमलं. मग आवाज बदलला. नट सरकत बाहेर येताना मी डोळ्यांनी बघितला. चाक हेलपाटायला लागलं, लोखंडी आवरणावर धाडकन आपटलं. गड्याने झेप घेऊन बटण बंद केलं. कोणाला लागलं नाही. आवरण फाटलं असतं तर?

सूनबाई पांढरीफटक. तिने नट उचलला, बोटात फिरवला आणि म्हणाली, "हे उलटे आटे आहेत. उलटे का? या मॉडेलला मोटर आपण बदलली. नवी मोटर विरुद्ध बाजूला फिरते. म्हणूनच या वेळी आटे साधे ठेवले होते."

मोटर बदलली! विरुद्ध फिरते! ती दोन दिवस त्याच कामाला गेली होती आणि मी — मी काय विचारलं तिला? काहीच नाही.

मालकांनी संगणकावर ड्रॉइंग उघडलं. LH नाही. टर्नरकडे वळले. "तुझ्याकडचा कागद दाखव."

टर्नरने खिशाला हात लावला. माझ्याकडे बघितलं. हात खाली घेतला. "तेलात खराब झाला, साहेब, टाकून दिला. जुन्या सवयीने उलटे कापले गेले. चूक माझी."

मालक म्हणाले, "उद्यापासून घरी बस. काय ते नंतर ठरवतो."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

२५ नोव्हेंबर, बुधवार

टर्नरच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं. कागद टेबलावरच होता, घडी घातलेला, स्वच्छ.

"हा L बघा," तो म्हणाला. "खालची रेघ शेवटी जराशी वर उचललेली. तीस वर्षं वाचतोय हे अक्षर. मशिनच्या छपाईत असला L येतो का कधी?"

"मग बोलला का नाहीस?"

"निवृत्तीला तुमचे सात महिने राहिलेत, साहेब. मला काय, कुठेही लेथ मिळेल."

त्याच्या घरात चार तोंडं. बायको आतून चहा घेऊन आली, मला म्हणाली, "बरं झालं आलात. यांना घरात बसायची सवयच नाही. सकाळपासून सगळ्या दारांच्या बिजागऱ्या घट्ट करून झाल्या."

कागद मागून घेतला.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सहा वाजता सूनबाईसमोर कागद ठेवला. सगळं सांगितलं. आनंद झाला होता तेसुद्धा. ही ओट्याशी उभी राहून ऐकत होती. चिरंजीव दात घासत दारात.

सूनबाईने कप खाली ठेवला. "सर," म्हणाली. घरात! "चला. मालक आठला येतात."

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. पहिलं वाक्य बोलले ते, "टर्नरला बोलावून घ्या." तेवढ्यानेच माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

सूनबाई म्हणाली, "माझीही चूक आहे. मोटरची दिशा बदलली हे मी ड्रॉइंगवर लिहायला हवं होतं. यांना सांगायला हवं होतं. आम्ही बोलत नव्हतो म्हणून राहिलं."

"घरातलं भांडण माझ्या कारखान्यात आणलंत दोघांनी," मालक म्हणाले. "टीप लिहायची राहिली हे एक. सही झालेला कागद लपूनछपून बदलणं हे दुसरं. मॅडम, प्रमुख तुम्ही. काय करायचं बोला."

ती माझ्याकडे बघूनच बोलली. "यांना ड्रॉइंगवर ठेवता येणार नाही. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर त्यालाही ठेवलं नसतं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या जागी मी असतो तर — असंच केलं असतं, असं लिहिणार होतो. खोटं. मी घाबरलो असतो आणि सासऱ्याला वाचवलं असतं.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटचा दिवस. तेहतीस वर्षं एका पिशवीत मावली. पट्ट्या, दोन कंपास, रबराचा तुकडा.

ते साठ दांडे आणि नट वाया जाणार नाहीत. जुन्या मशिनांना सुटे भाग म्हणून चालतील. टर्नरने सांगितलं, वर म्हणाला, "तुमच्या चुकासुद्धा मापात असतात, साहेब." मिशा हलल्या. हसला असावा.

संध्याकाळी सूनबाई स्वयंपाकघरात रडत होती. मी दारातून म्हणालो, "कांदा चिरतेयस की मला काढल्याचं दुःख?"

"कांदा," ती म्हणाली. समोर कांदा नव्हता.

३० नोव्हेंबर, सोमवार

घरी पहिला दिवस. सगळ्या नळांचे वॉशर बदलले. आता एकही नळ गळत नाही. उद्या काय करू?

७ डिसेंबर, सोमवार

माझ्या जागी मालकांनी माणूस घेतला. हाताने काढलेली सहाशे जुनी ड्रॉइंग संगणकावर चढवायची आहेत, म्हणून जुनं अक्षर आणि जुने आटे वाचू शकेल असं कोणीतरी हवं होतं. सूनबाईने नाव सुचवलं. मालकांनी मुलाखत घेतली. मला कळलं ते आज सकाळी, ही ठेवणीतली साडी नेसून पायात चपला सरकवत होती तेव्हा!

लग्नाआधी तीन वर्षं ही त्याच ऑफिसात ट्रेसर होती. मी पेन्सिलने काढायचो, ही त्यावर शाई चढवायची. लग्न झालं आणि तिने नोकरी सोडली — मीच म्हणालो होतो, सोड. त्या सहाशेंतली निम्मी ड्रॉइंग हिच्या हातची आहेत. खाली सही माझी. तीस वर्षांच्या या वह्यांत हे मी एकदाही लिहिलेलं नाही.

दोघी एका स्कूटरवर बसून गेल्या. डबा द्यायचा मी विसरलो.